एक जूनचं पान

“आणि ते दार? ते नाही दाखवलं!” फोनच्या पडद्यावरून जुई म्हणाली.

पूर्णिमा थबकली. अर्धा तास ती फोन हातात धरून अ‍ॅमस्टेलव्हीनमधलं आपलं घर त्या अकरा वर्षांच्या पोरीला दाखवत होती. स्वयंपाकघर झालं, उभा जिना झाला, वरच्या खोलीत ओळीनं मांडलेले तीन पलंग झाले. पोरगी घर विकत घ्यायला निघाल्यासारखी कपाटंसुद्धा उघडायला लावत होती. आता नेमकी तिची नजर जिन्याखालच्या दारावर पडली होती.

हसून सोडून द्यावं, असं आज नव्हतं. सोलापूरकडच्या बालगृहात जुई आणि तिची धाकटी भावंडं राहत होती, सहा वर्षांचा राघव आणि चार वर्षांची अपूर्वा. दत्तक द्यायचं तर तिघांना मिळून, आणि तेही मोठीनं स्वतः हो म्हटलं तरच. आधीच्या दोन जोडप्यांना जुईनं नाही म्हटलं होतं. का, ते तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. आज कॉल संपायच्या आत तिला हो की नाही, ते विचारलं जाणार होतं. इथल्या डच सरकारनं परदेशातून मूल दत्तक घेणं नव्या लोकांसाठी बंद केलं होतं. पूर्णिमा आणि तिचा नवरा शिरीष यांचा अर्ज आधीचा, म्हणून तो वाचला. हे हुकलं की संपलं.

तीन महिने दर शनिवारी फोन चालला होता. अपूर्वा दुसऱ्याच शनिवारी खेळण्यातला हत्ती बघून पूर्णिमाला “आई” म्हणाली होती. राघव तिचं बघून. जुई मात्र ‘मॅडम’ आणि ‘काका’. बालगृहाच्या नंदाताईंनी बजावलं होतं, “म्हणायला लावू नका हं. येईल तेव्हा आपसूक येईल.” पूर्णिमानं कधी लावलं नाही. पण भाजी चिरताना, सायकलवरून ऑफिसला जाताना तिचा जीव त्या एका हाकेसाठी तुटायचा. लोचट म्हणा हवं तर!

“अगं, तो संडास आहे,” ती म्हणाली.

“दाखवा ना.”

दाखवला. समोरच्या भिंतीवर कॅलेंडर लटकत होतं.

“संडासात कॅलेंडर?” पडद्यावर तीन डोकी एकमेकांवर आपटली.

“वाढदिवसांचं आहे ते. इथं घरोघरी असंच लावतात. मलाही आधी किळस यायची, म्हटलं, जिवाभावाच्या माणसांची नावं काय इथं टांगायची! पण इथं रोज यावंच लागतं ना. म्हणून कुणी कुणाला विसरत नाही.”

“आम्ही आहोत त्यात?”

पूर्णिमाला हेच तर हवं होतं. तिनं झरझर पानं उलटून जून काढला. एक तारखेच्या रेघेवर शिरीषचं नाव शाईनं लिहिलेलं होतं. त्याच्यापुढे दाटीवाटीनं राघव, अपूर्वा, जुई. ही तिन्ही पेन्सिलनं. कागदपत्रं हातात आली त्या दिवशी लिहिली, पण शाईनं लिहायची काही तिची छाती झाली नव्हती.

जुईचा चेहरा उतरला. “तिघांचा एकाच दिवशी कसा असेल? हे खोटं आहे.”

“तुमच्या कागदांवर तसंच आहे गं.”

“कागदवाल्यांना काय माहीत? राघव पोळ्याला झाला. बैलांना ओवाळायचं सोडून बायका आमच्या घरात पळाल्या. अपूर्वा किंक्रांतीची. मीच पाणी तापवलं. मी सगळ्यांना सांगते, कुणी लिहूनच घेत नाही.”

पूर्णिमाला भडभडून आलं. आपणही कागद बघून मोकळे झालो! पोरीला विचारायचं सुचलं नाही. “चुकलं माझं,” ती म्हणाली. “शिरीष, रबर आण.”

शिरीष रबर घेऊन आला आणि आपल्या मोबाइलवर त्या वर्षीचा पोळा शोधायला लागला. राघव ऑगस्टच्या पानावर गेला, अपूर्वा जानेवारीच्या. जुई एकेक अक्षर डोळ्यांनी तपासत होती.

“आता तुझा सांग,” पूर्णिमा म्हणाली.

जुई पायाच्या अंगठ्याकडे बघत म्हणाली, “माझा नाही माहीत. सांगणारं कुणी उरलं नाही.”

शिरीष पुढे वाकला. “माझंही तेच की! वडिलांनी शाळेत नाव घातलं, तारीख आठवेना. मास्तर म्हणाले, टाका एक जून. आमचा अर्धा वर्ग एक जूनचा. खरा दिवस मला अजून माहीत नाही.”

“खरंच, काका?”

“आईशप्पथ.”

नंदाताई पडद्यात आल्या. त्यांनी घसा खाकरला. “जुई, बाळा, वेळ झाली. विचारू ना तुला? तुला यांच्याकडे…”

जुईचं लक्षच नव्हतं. पूर्णिमानं पान पुन्हा जूनवर आणलं होतं. खोट्या तारखेवर पोरीला कसं ठेवायचं, म्हणून तिनं तिच्या नावावर रबर टेकवलं.

“थांब, नको खोडूस!” जुई ओरडली. “माझं आणि बाबांचं राहू दे तिथंच.”