परकी बाबागाडी

“बाहेरून आलेल्यांना सरकारने फुकट काहीही देऊ नये!” अण्णा टिळेकरांनी जाहीर केलं. टीव्हीवर मोफत दवाखान्यापुढची परप्रांतीयांची रांग दाखवत होते. तेवढ्यात युरोपातून लेकीचा व्हिडिओ कॉल आला आणि राष्ट्रकार्य खोळंबलं.

“बाळाची अंघोळ झाली का गं?”

“आत्ताच. सरकारी नर्स येते ना घरी, फुकट. पायांवर घेऊन तेल लावायलाही मी शिकवलंय तिला.”

अण्णांनी स्वतःच्या रिकाम्या पायांकडे पाहिलं. नात तीन महिन्यांची झाली, तरी मांडीवर आलेली नव्हती. “याला म्हणतात सरकार!”

“पण आता ही सोय बंद करायची म्हणतात, अण्णा. इथल्या चॅनेलवर रोज परदेशी बायकांच्या बाबागाड्या दाखवतात. ‘हे आपलं खातात’ म्हणे. लोक चिडलेत. परवा तर मला आणि बाळालाच दाखवलं.”

“तुम्ही तर कर भरता तिथे!”

“टीव्हीवर ते दिसत नाही. आई असती तर... आता नर्सही गेली, तर दिवसभर मी एकटीच.”



“ती बातमी पाठवशील?” अण्णा म्हणाले. “फोनवर बाळाचा नुसता कानच दिसतो.”