भिंतीतला कापूस

सुतार कापसाचं पोतं खोलीत ओढतच होता, तेवढ्यात काकू दारात आडव्या उभ्या राहिल्या. म्हणाल्या, ही भिंत राहू दे तशीच.

सुताराने कपाळावर हात मारला. काकूंच्या जुन्या गोठ्यातून त्याने पाहुण्यांसाठी खोल्या काढल्या होत्या. गव्हाणीच्या फळ्यांची खाट केली होती, वैरणीच्या माळ्यावर वाचत पडायची जागा केली होती, प्रत्येक कड हाताने रंधा मारून गुळगुळीत केली होती. दाराची कुरकुर नाही, खिडकीची खडखड नाही. भिंतींना आतून फळ्या आणि फळ्यांमागे ठासून कापूस. शहरातली माणसं इथं शांततेसाठी येणार होती, आणि शांतता करण्यात सुताराचा हात धरणारा कुणी नव्हता. राहिली होती ती एकच भिंत, काकूंच्या स्वयंपाकघराला लागून असलेली. नेमकं तिथंच घोडं पेंड खात होतं.

आधी काकू म्हणाल्या, कापसात उंदीर होतील. मग म्हणाल्या, ओल धरेल. मग खोली लहान दिसेल. सुतार तसा तोंडाचा गोड, पण कामात कुणी खोट काढली की त्याचं डोकं फिरायचं. त्याने सरळ काकूंच्या मुलाला फोन लावला आणि काकूंच्या हातात दिला. खोल्यांची कल्पना त्याचीच. बाबा गेले, गुरं विकली, आता आईचा वेळ कसा जाणार, म्हणून त्यानेच दूर बसून हे ठरवलं होतं. तो म्हणाला, आई, तुझी भांडी पाहुण्यांनी कशाला ऐकायची? सुतार सांगतात तसं कर, मी घाईत आहे. काकू ‘बरं’ म्हणाल्या आणि दारातून तसूभरही हलल्या नाहीत.

शेवटी सुतारानेच तोड काढली. काकूंनी स्वयंपाकघरात बसायचं. तो इकडे पाहुण्यासारखा वावरणार. आवाज आला की काकूंनी भिंतीवर टकटक करायची. टकटक झाली की कापूस भरायचा, नाही झाली तर पोतं परत. काकू लगेच तयार झाल्या. इतक्या लगेच, की सुतार मनातल्या मनात हसला. त्या भिंतीतून काय काय ऐकू जातं हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

तो खोलीभर फिरला. खोकला. खाट या टोकापासून त्या टोकाला ओढली. टकटक नाही. त्याने मोठ्ठी जांभई दिली, खुंटीवर सदरा झटकला, एक जुनं गाणं अर्धंमुर्धं गुणगुणला. तरी नाही. मग मात्र तो इरेला पेटला. पायात बूट चढवून थाडथाड चालला, हातोडी खाली टाकली, स्वतःशीच मोठमोठ्याने बोलला. पलीकडे सगळं चिडीचूप. सुताराला घाम फुटला.

“म्हातारी ठार बहिरी झालीय,” तो पुटपुटला आणि तणतणत वळसा घालून स्वयंपाकघरात गेला.

काकू स्टुलावर बसल्या होत्या. डोकं भिंतीला टेकलेलं, डोळे मिटलेले. नवरा गेल्यापासून त्या घरात त्यांच्याशिवाय कुणी नव्हतं, आणि त्या काही स्वतःशी बोलणाऱ्यातल्या नव्हत्या. गाल ओले होते, पण चेहरा असा निवांत की सुताराला तिथं उभं राहायलाही अवघड वाटलं.

“बहिरी नाहीये मी,” काकू डोळे न उघडताच म्हणाल्या.

सुताराने जीभ चावली. त्याचा राग कुठच्या कुठे गेला. त्याने खालच्या आवाजात विचारलं, सगळं ऐकू येत होतं तर टकटक का नाही केलीत?

“केली असती,” काकू म्हणाल्या, “तर तुम्ही थांबला असता.”