कोरा शनिवार

"बंद करून टाक," ओडवार म्हणाला. पावाचा डबा उघडता उघडता म्हणाला, त्यामुळे त्याच ऑफिसात काम करणाऱ्या तिरिलला वाटलं, त्यानं नीट वाचलंच नाही.

"मालकाचं नाव बघितलंस का?"

"बघितलं."

स्क्रीनवर गुरुवारच्या सकाळचा रिपोर्ट होता. पूर्वी हे काम ओडवार स्वतः करायचा. ऑफिसात आला की बर्फाचे बूट दारात काढायचा आणि एकेक सर्व्हर उघडून पाहायचा. रात्रीचा बॅकअप झाला का, डिस्क भरत आली का, एखादं काम विनाकारण चालू आहे का. त्रोन्हाइम शहराच्या आसपासच्या गावांचा पाणीपुरवठा या सर्व्हरांवर चालायचा. चूक परवडणारी नव्हती. या हिवाळ्यात त्यानं ते सगळं एका एआय एजंटला शिकवलं. आता रोज माणसं यायच्या आत एजंट सगळीकडे फिरून येतो आणि काय दिसलं ते लिहून ठेवतो. स्वतः कशालाही हात लावत नाही, फक्त विचारतो. हा नियम ओडवारचाच.

आज शेवटी त्यानं लिहिलं होतं: "चाचणीसाठी ठेवलेल्या सर्व्हरवर एक छोटा प्रोग्राम दर गुरुवारी चालतो. मालक मारित म्यूरे. त्यांचं खातं गेल्या वर्षी मार्चमध्ये बंद झालं आहे. हा प्रोग्राम बंद करायचा का?"

मारित ओडवारची बायको. ती इथेच, खिडकीजवळच्या टेबलाशी बसायची. गेल्या मार्चमध्ये ती वारली.

"मालक नाही, मागणारा नाही, तर बंद," ओडवार म्हणाला. "घरच्या माणसांसाठी वेगळा नियम नसतो."

"आला मोठा नियमवाला. शनिवारी पण असंच करणार ना? डोंगरातली केबिन न बघताच त्या स्टेनारच्या हातात किल्ली ठेवणार."

"त्याला बघायची असेल तर तो बघेल."

ओप्दाल गावाच्या वर डोंगरात ओडवार आणि मारितची केबिन होती, सुट्टीसाठीचं छोटं लाकडी घर. शुक्रवारी संध्याकाळी ती दोघं पोचायची तेव्हा ती उबदार असायची. कशी, हे ओडवारनं कधी विचारलं नव्हतं. लाकडं फोडणं त्याच्याकडे, हीटर मारितकडे. हीटर तिच्या फोनवरून चालायचा आणि तो फोन त्यानं ड्रॉवरमध्ये ठेवून दिला होता. ती गेल्यावर तो वर फिरकला नाही. ईस्टरला सगळा देश डोंगरात गेला, तेव्हाही नाही. मध्ये एक अख्खा हिवाळा गेला. जानेवारीत तिथं उणे तीस होतं. पाइप फुटले असणार. जमिनीच्या फळ्या फुगून वर आल्या असणार. तिच्यामागे सांभाळायला एवढी एकच गोष्ट होती, ती आपण गोठू दिली. ते डोळ्यांनी बघायची त्याची तयारी नव्हती. म्हणून डोंगरातल्या शेजाऱ्याला, स्टेनारला, त्यानं ती विकायचं कबूल केलं होतं.

"निदान हा प्रोग्राम करतो काय, ते तरी विचारू," तिरिल म्हणाली. "कपाट रिकामं करतानासुद्धा माणूस आधी उघडून बघतो."

"विचार. तुझी कॉफी गार होईल तोवर."

तिनं विचारलं. उत्तर लगेच आलं. ते तिनं मोठ्यानं वाचायला घेतलं आणि दुसऱ्या वाक्यापाशी तिचा आवाज खाली आला.

"हा प्रोग्राम दर गुरुवारी दुपारी ओडवार म्यूरे यांचं कॅलेंडर बघतो. शनिवार-रविवार कोरे असतील, तर ओप्दालच्या एका घरातला हीटर वीस अंशांवर लावतो. रविवारी रात्री तो आठ अंशांवर आणून ठेवतो. गेल्या मार्चपासून एकही गुरुवार चुकलेला नाही."

ओडवारचा हात डब्यातच राहिला. तो उठून तिरिलच्या खुर्चीमागे आला आणि त्यानं ते स्वतः वाचलं. मग पुन्हा वाचलं.

मारित गेल्यापासून गेल्या आठवड्यापर्यंत त्याच्या कॅलेंडरात एकाही शनिवारी काही नव्हतं.

"म्हणजे पाइप..." तिरिल म्हणाली.

"आठ अंशांना पाणी गोठत नाही," ओडवार म्हणाला. हे त्यानं अगदी हळू सांगितलं, जणू तिला ते माहीतच नव्हतं.

"खाली अजून एक ओळ आहे. 'आज मात्र हीटर लागणार नाही. येत्या शनिवारी नोंद आहे: स्टेनार, किल्ली.'"

ओडवारनं हात पुसले आणि फोन लावला.

"स्टेनार, शनिवारी खाली येऊ नकोस. नाही, किमतीचं काही नाही. विकायचीच नाही आता. हो, शब्द दिला होता, माहितीय. घाल शिव्या. पण फोनवर नको, मी वर आलो की कॉफी पाजतो, तेव्हा समोर बसून सावकाश घाल."

पलीकडून बराच वेळ बोलणं चाललं होतं. ओडवार "हो, हो" म्हणत राहिला. मग त्यानं फोन ठेवला, स्वतःच्या टेबलाशी जाऊन कॅलेंडर उघडलं आणि शनिवारची नोंद पुसली.

"एजंटला काय सांगू?" तिरिलनं विचारलं.

"चालू ठेव म्हणावं. मालक म्हणून माझं नाव घाल."

"घातलं. आणि तू शनिवारी वर असणार, तेही कॅलेंडरात टाकते. नाहीतर कुणीतरी तुला ड्यूटी लावेल."

"टाकू नकोस," ओडवार म्हणाला. "कोरा राहू दे."