कुंपणावरचा कावळा

पक्ष्यांचं बोलणं मराठीत सांगणारं यंत्र इंदुमतीने फणसाच्या फांदीला अडकवलं आणि खाली नवऱ्याच्या वर्षश्राद्धाचं पान ठेवलं.

नवरा गेल्यापासून समुद्राकडच्या कुंपणावर एक कावळा तिला रोज बसलेला दिसायचा. तो म्हणजे आपले ‘हे’च, अशी तिची खात्री होती. नवऱ्याच्या जास्वंदींना आता पाणी घालता घालता ती त्याला घरातलं सगळं सांगायची.

आज मात्र कावळा पानाला शिवेना.

“काय राहिलंय मनात? आता तरी सांगा,” तिने हात जोडले.

कावळा ओरडला. यंत्र खरखरलं, “झाडांना पाणी घालणारा तो माणूस कुठे गेला? कधी येणार?”

इंदुमतीचे हात तसेच जोडलेले राहिले. वर्षभर ती ज्याच्याशी बोलत होती, तोही त्यांचीच वाट बघत होता.