शेवटची चिठ्ठी

शेवटची चिठ्ठी काही केल्या सापडेना. मुलांना सापडत नव्हती ते ठीक, खेळच शोधाशोधीचा होता. पण ती कुठे ठेवली हे बाईंनाही आठवत नव्हतं, आणि मागच्या बाकावर मोठ्या बाई हाताची घडी घालून बसल्या होत्या.

सकाळी लवकर येऊन बाईंनी पाकिटातल्या चिठ्ठ्या वर्गभर लपवल्या होत्या. पिसाच्या कललेल्या मनोऱ्यावरचे प्रश्न. पहिल्या चार छान निघाल्या. मुलं आधी उगाचच भलतीकडे धावली, डबे उघडले, दप्तरं झटकली, आणि मग फळ्यामागे चिठ्ठी मिळाल्यावर केवढा तो गलका! बाई मनातून हरखल्या होत्या. आता मात्र तोंडचं पाणी पळालं. प्रश्न तोंडपाठ होता. जागा तेवढी डोक्यातून पार पुसली गेली होती.

मोठ्या बाईंनी गेल्याच आठवड्यात बजावलं होतं, "तोच धडा तीन-तीनदा शिकवता तुम्ही. मी एक दिवस वर्गात येऊन बसणार. पुन्हा काही विसरलात, तर घरी बसावं लागेल."

घरी! घरी होतं कोण? चार भिंती आणि बंद पडलेला रेडिओ. ही पोरं गेली की आपलं सगळंच गेलं, हे मात्र बाई एक क्षणही विसरत नव्हत्या. देवा, एवढी एक चिठ्ठी आठवू दे, मग काय हवं ते ने.

"बाई, वेळ संपत आली," मागून मोठ्या बाईंचा आवाज आला.

मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. खिशात कायम काहीतरी साठवणारी म्हणून जिला सगळे खारूताई म्हणत, ती मुलगी सरळ कपाटाखाली शिरली. धुळीने माखून बाहेर आली ती चिठ्ठी नाचवतच.

"इतका कलूनही मनोरा पडला का नाही?" तिने खणखणीत वाचलं, आणि उत्तरही देऊन टाकलं, "माणसांनी सावरून धरला म्हणून!"

मुलांनी टाळ्यांनी वर्ग डोक्यावर घेतला. मोठ्या बाई उठल्या. "छान घेतलात हो खेळ. मी उगीच काळजी करत होते," म्हणाल्या आणि निघून गेल्या.

बाई मटकन खुर्चीत बसल्या. शेवटची चिठ्ठी जिंकणाऱ्याला घरी न्यायला मिळायची, मागे बाईंच्या हातचा लाल तारा काढून. त्यांनी पेन उघडलं, चिठ्ठी उलटी केली. तिथे तारा आधीच होता. लाल. त्यांच्याच हातचा.

खारूताई अगदी कानाशी आली.

"तारा तुम्ही मला कालच दिलात, बाई. काल आपण हाच खेळ खेळलो ना, तेव्हा. तुम्ही घाबरू नका. उद्या परत घेतलात, तरी आम्ही शोधू."