निरभ्र

अमेरिकेतल्या स्टेट कॉलेज गावी विद्यापीठाच्या लॅबमध्ये बसलेल्या आश्लेषाला आज आभाळ ठेंगणं झालं होतं. टांझानियात दार-एस-सलाममधल्या गरीब कुटुंबांसाठी तिने आखलेली मातीच्या विटांची स्वस्त, गार घरं उभी राहिली होती आणि आजच तिथे माणसं राहायला येत होती. तिची तिथली मैत्रीण रेहेमा व्हिडिओ कॉलवरून एकेक दार कौतुकाने दाखवत होती.

"यार, एवढ्या दाट वस्तीत ही मोकळी जागा सापडली कशी तुला?" शेजारच्या निमिषने विचारलं.

"सॅटेलाइटचे फोटो बघून. कित्येक वर्षांचे चाळले. कायम कोरडी, कायम रिकामी!"

निमिषने तिच्या लॅपटॉपवर ते फोटो उघडले. "सगळ्यांत लख्ख ऊनच आहे गं."

"असणारच. ढग आले की खालचं काही दिसत नाही. म्हणून ढगाळ फोटो आधीच डिलीट करतो आम्ही."

"म्हणजे पावसाळ्यातला एकही नाही?"

आश्लेषाने फोटोंच्या तारखा भराभर चाळल्या; पावसाळ्यातली एकही नव्हती. जिथे लोक भिंतीला भिंत लावून राहतात, तिथे एवढी जागा आजवर कोणीच का घेतली नाही, हा प्रश्न तिला आत्ता पहिल्यांदा पडला.

फोनमध्ये रेहेमाच्या मागून बायका गाद्या नि तान्ही पोरं घेऊन घरांत शिरत होत्या.

"दिवस काय छान मिळालाय बघ," रेहेमा खुशीत म्हणाली. "सकाळपासून ऊन नाही, सामान हलवायला बरं." तिने कॅमेरा वर वळवला.

आश्लेषाच्या हातातला फोन काळ्या ढगांनी भरून गेला. खालचं काही दिसेना.