कव्हरवरचा तबला

पियानिस्ट रामिरो गेल्यावर त्याच्या बँडने त्याच्या आठवणीत लॅटिन जॅझचा अल्बम काढला. अठरा वर्षं त्याच्या शेजारी कोंगा हे क्युबन ढोल वाजवणाऱ्या गौरांगीच्या नावापुढे कव्हरवर छापलं होतं : तबला.

तिने प्रोड्यूसरला फोनवर फैलावर घेतलं.

"सॉरी, इंडियन नाव बघून कुणीतरी अझ्यूम केलं," तो पुटपुटला.

तिने फोन आपटला, तोच एडमंटनहून बाबांचा आला. "कव्हर बघितलं गं! शेवटी वाजवलासच ना आपला तबला? रक्तातच आहे आपल्या!"

"त्या प्रोड्यूसरला एक वेळ माफ करीन, बाबा," ती कडाडली. "मुलीच्या जातीने तबल्याला हात लावायचा नाही, असं त्याने मला कधी सांगितलं नव्हतं."